मान्य

नगरपालिकेची अर्ज घेणारी आवक खिडकी बंद व्हायला सात मिनिटं उरली होती आणि खिडकीतल्या बाई जागेवर नव्हत्या. कुजबूज निवेदनाचं पाकीट छातीशी धरून उभी होती. बाहेरच्या पावसात अर्धी भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले, आणि मनातल्या मनात त्या बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला.

कुजबूज हे काही तिचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या नाट्यगृहात ती प्रॉम्प्टर होती. विंगेत उंच स्टुलावर, मांडीवर संहिता उघडून बसायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचवायचा. नटाला लख्ख ऐकू आलं पाहिजे, प्रेक्षकांना सुगावा लागता कामा नये. आठ वर्षं तिने हेच केलं होतं. ओठांच्या कडेला तळहात धरून ती असा शब्द सोडायची, की दहा पावलांवरच्या माणसाच्या थेट कानात जावा आणि मागे बसलेल्याला पत्ताही लागू नये. कसं जमतं ते तिलाही सांगता आलं नसतं. हात आपला आपण वर जायचा आणि शब्द निघून जायचा.

तर त्या दिवशी खिडकीशेजारच्या बाकावर एक माणूस मांडीवर वही घेऊन पुटपुटत होता. चष्मा, शाईचे डाग पडलेली बोटं, आणि स्वतःचंच अक्षर न लागल्याने कपाळावर चढलेल्या आठ्या.

"...या विषयावर सदस्यांनी तीव्र... तीव्र..."

"नापसंती," कुजबूज म्हणाली.

त्याने दचकून वर पाहिलं. मग वही डोळ्यांपाशी नेली, तिरकी केली, पुन्हा सरळ धरली. "नापसंतीच आहे की! तुम्ही सभेला होता?"

"छे. वाक्यच तिकडे चाललं होतं."

"बरं, मग पुढचं सांगा बघू."

"पुढे काय... सभा तहकूब."

तो इतक्या मोकळेपणाने हसला की समोरच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली. "सभा तहकूब करण्यात आली. अक्षरशः. कमाल आहे तुमची."

"कमाल तुमच्या सभांची. सगळ्यांचा शेवट एकच."

त्याने तिच्या हातातलं पाकीट पाहिलं. "हरकतीचा अर्ज आहे का? तीन प्रती लागतात. तुम्ही एकच आणलेली दिसते. आजचा शेवटचा दिवस." कुजबूजच्या तोंडचं पाणीच पळालं. तो तोवर उठलासुद्धा होता. आतल्या मशीनवर त्याने घाईघाईने दोन प्रती काढल्या, खिडकीतल्या बाईंना चहाच्या टेबलावरून शोधून आणलं आणि पाच वाजायला एक मिनिट असताना तिन्ही प्रतींवर शिक्का बसला. शेवटची प्रत तिच्या हातात देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. शाई तिलाही लागली. ती दोन दिवस गेली नाही, म्हणजे खरं सांगायचं तर तिने घालवली नाही.

तो नगरपालिकेचा इतिवृत्त लेखक होता. प्रत्येक सभेत व्यासपीठाच्या कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर बसायचं आणि जे बोललं जाईल ते लिहायचं. नाट्यगृहातल्या मंडळींनी आठवड्याभरात त्याचं नाव टिपकागद ठेवलं, कारण त्याच्यासमोर काही सांडलं की टिपलं गेलंच म्हणून समजा.

आणि त्या दिवसांत सांडत बरंच होतं. नगरपालिकेने कलेचं अनुदान बंद करायचं ठरवलं होतं. नाट्यगृह, संगीतशाळा, वाचनालयातली बाहुल्यांची खोली, सगळं एका यादीत. त्या यादीत पाचव्या ओळीवर ‘प्रॉम्प्टर (एक)’ असंही लिहिलेलं होतं. आपल्या आयुष्याचा एवढा आटोपशीर उल्लेख कुजबूजने पहिल्यांदाच पाहिला.

मग कपडेपटात बैठका सुरू झाल्या. कपडेपट म्हणजे नाट्यगृहाच्या मागची लांबट खोली, दोन्ही भिंतींना नाटकातले पोशाख टांगलेले. कुजबूजची मावशी तिथली शिवणकाम करणारी. आई गेल्यापासून कुजबूज तिच्याच मशीनच्या पायाशी वाढली. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका दोन्ही करणारे मास्तर अध्यक्ष झाले, कारण त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. संगीतशाळेच्या बाई सचिव झाल्या. समितीचं नाव ठरवायला दोन बैठका गेल्या, आणि दुसऱ्या बैठकीत नावावरून भांडण होऊन बाहुलीवाले काका तीन दिवस रुसले. कलाकारांना एकत्र आणणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक! तरी त्यांनी चार हजारांवर सह्या जमवल्या. बाजारात, शाळांच्या फाटकांशी, इस्पितळाच्या बाहेर, उन्हातान्हात उभं राहून.

टिपकागद बैठकीला यायचा नाही. त्याला ते शोभलं नसतं, असं तो म्हणायचा. पण संध्याकाळी नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर मात्र हमखास यायचा.

"परवा प्रयोगाला आलो होतो," एकदा तो म्हणाला. "तुमचा आवाज ऐकायला. दोन अंक कान देऊन बसलो. काही ऐकू आलं नाही."

"ऐकू आला असता तर मला काढून टाकलं असतं."

"तसंही काढणारच आहेत."

"वा! फारच गोड बोलता हो तुम्ही."

"मी गोड बोलत नाही. मी जे असतं ते लिहितो."

हे खरं होतं. ह्या माणसाला काही गाळताच येत नसे. तिने सोमवारी ‘येते’ म्हटलं, मंगळवारी ‘बघते’ म्हटलं आणि बुधवारी ‘बघू’ म्हटलं, तर गुरुवारी तो तिन्ही शब्द तिला तारीखवार ऐकवायचा. ती चिडायची. मग मशीनवर बसलेल्या मावशीला दिसू नये म्हणून तोंड फिरवून हसायची.

त्यानेच त्यांना ते चार शब्द शिकवले. "सभेत तुम्ही तासभर रडलात तरी मला लिहिता येतं ते एवढंच, की चर्चा झाली. ‘आमचा विरोध नोंदवून घ्या.’ हे चार शब्द कुणीतरी स्पष्ट म्हणायचे. म्हटले की मला लिहावेच लागतात, आणि लिहिलं की वरच्या अधिकाऱ्याला वाचावं लागतं. बाकी सगळं हवेत जातं." कुजबूजने ते चार शब्द सगळ्यांकडून घोटून घेतले. बाई पेटीवर बसून म्हणायच्या, काका बाहुलीच्या आवाजात. मास्तर तर असे म्हणायचे की खिडक्या थरथरायच्या.

हरकतींवरच्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. पायऱ्या ओल्या होत्या, म्हणून दोघं उभेच होते. दोघांमध्ये एक हाताचं अंतर. ते कमी कसं झालं, कोणी केलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मला तू आवडतेस. नोंद करून घे."

आजवर ‘तुम्ही’ असलेली ती क्षणात ‘तू’ झाली होती. पण कुजबूजही काही अशी तशी नव्हती.

"दुरुस्तीसह मंजूर," ती म्हणाली.

"दुरुस्ती कुठली?"

"‘आवडतेस’च्या आधी ‘फार’ हा शब्द राहिलाय."

"फार," तो म्हणाला. "फार. आणखी कुठे घालायचाय?"

तिने त्याची शाईची बोटं आपल्या हातात घेतली आणि सोडली नाहीत. सुनावणी उद्या होती, पोट त्यावर होतं, आणि ही मुलगी त्या घटकेला इतकी सुखात होती की मला पुढचं सांगायचं जिवावर येतंय. पण सांगायला तर हवं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर मध्ये सभापती, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य, आणि कोपऱ्यात टिपकागद. हरकतदार पहिल्या रांगांत. कुजबूज मुद्दामच पहिल्या रांगेच्या टोकाला बसली होती, म्हणजे माईकवर उभं राहून कुणी अडखळलं तर शब्द देता येईल. तिच्या शेजारी मास्तर. बाई छान बोलल्या, काका छान बोलले. सह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला तेव्हा टाळ्या पडल्या. आणखी तीन जण बोलायचे होते आणि मग शेवटी मास्तर ते चार शब्द म्हणणार होते.

तेवढ्यात सभापतींनी खिशातून एक कागद काढला. म्हणाले, प्रस्तावात आम्ही एक दुरुस्ती आणतो आहोत. यंदा अर्धं अनुदान, पुढच्या वर्षापासून पूर्ण बंद, आणि नाट्यगृहाची इमारत महिनाअखेर बाहेरच्या ठेकेदाराच्या ताब्यात. हा कागद कुणी पाहिलेला नव्हता. सभापती कागदावर बोट ठेवून, एकेक शब्द दाबत वाचत होते.

"...सबब, सदर दुरुस्ती हरकतदारांना..."

इथे पान संपलं. त्यांनी अंगठा ओला करून पान उलटायला घेतलं, तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी बोट घासलं, फुंकर मारली. सभापतींनी मान वर केली आणि समोर पाहिलं. वाक्य हातातून निसटलेल्या नटाचे डोळे होते ते. कुजबूजने असे डोळे शेकडो वेळा पाहिले होते.

तिचा हात वर गेला.

"मान्य," तिने शब्द दिला.

पुढचं वाक्य ‘मान्य आहे का’ असं होतं. लहान पोरालाही कळलं असतं. तिने फक्त अडलेला शब्द दिला होता, तोही नेमका.

सभापतींचा चेहरा उजळला. "मान्य? अरे वा! मान्य आहे म्हणतात. उत्तम. लिहून घ्या. पुढचा विषय."

एक क्षण कुणाला काही समजलंच नाही. मग एकच गिल्ला झाला. "कोण म्हणालं मान्य? कुणी म्हटलं?" "धडधडीत खोटं!" "थांबवा हे!" खुर्च्या आपटल्या, काका खुर्चीवर उभे राहिले. बाई धावत माईकपाशी गेल्या, त्यांनी तोंड उघडलं आणि ते चार शब्द त्यांच्या डोक्यातून साफ उडाले. त्यांनी कुजबूजकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. शेवटी बोलणार होते ते मास्तरही तिच्याकडेच बघत राहिले. अडलं की तिच्याकडे बघायचं, ही सवयच होती ना सगळ्यांची! चार शब्द हवे होते. तिला ते झोपेतही आले असते.

तिच्या घशातून एक अक्षर निघालं नाही. सभापतींनी टेबलावर हातोडी आपटली आणि रखवालदार सभागृह रिकामं करायला लागले.

बाहेर आल्यावर जो तो पेटला होता. सभापती खोटारडा आहे, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. कुणीच काही म्हटलं नव्हतं, सगळ्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं की कुणी काही म्हटलं नाही! मावशी तर मोठमोठ्याने शापच देत सुटली. मास्तर तेवढे काही बोलले नाहीत. कुजबूज मूग गिळून त्यांच्यामागून चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिपकागद पायऱ्यांवर आला.

"मी समोरून बघत होतो," तो म्हणाला. "तुझा हात दिसला मला. ओठही."

"मी बोलले नाही रे. मी फक्त... शब्द दिला."

"मला माहीत आहे. म्हणूनच सगळं लिहिणार आहे मी. सभापती पान उलटताना थांबले, समोर बसलेल्या प्रॉम्प्टरने कामाच्या सवयीने शब्द सुचवला, सभापतींनी ती संमती समजली, हरकतदारांनी तत्काळ गोंधळ करून विरोध केला. वरचा अधिकारी वाचेल, पोट धरून हसेल आणि सुनावणी पुन्हा लावेल. लावावीच लागेल त्याला."

"आणि माझं काय?"

"तुझं काय?"

"सगळं शहर हसेल मला. नाट्यगृह बुडवलं ते ह्या बयेने, असं कायमचं कागदावर राहील. बाई, काका... मावशीला काय तोंड दाखवू मी? तिने मला त्या खोलीत वाढवलंय."

"दोन दिवस हसतील गं."

"तुला नाही कळायचं ते." तिने त्याची बाही धरली. "गाळ ना तो शब्द. एकच तर शब्द आहे. आमच्यापैकी कुणी ऐकलेलासुद्धा नाही."

"मी आजवर कुणाचा खोकला गाळला नाही, कुजबूज."

"माझ्यासाठी."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "बरं."

आणि तिला काय आनंद झाला म्हणता! तिला वाटलं, प्रेम म्हणतात ते हेच. माणूस आपल्यासाठी स्वतःला मुरड घालतो. जाताना तो मागे वळून हसला नाही, पण हे तिच्या लक्षात आलं ते कितीतरी नंतर.

चार दिवसांनी इतिवृत्ताची प्रत मिळाली. ‘सदर दुरुस्ती वाचून दाखवण्यात आली. हरकतदारांनी तीव्र विरोध केला.’ बस्स. कपडेपटात जल्लोष झाला. बाईंनी पेटी काढली. मास्तरांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि न बोलता बाईंना परत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरभर हाताने रंगवलेले फलक लागले होते: ‘सभापती खोटं बोलले. इतिवृत्त वाचा.’ नाटकवाल्यांचे फलक ते, अक्षरं कशी ठसठशीत! कुजबूज कामाला येताना असे अकरा फलक ओलांडून आली आणि प्रत्येकापाशी तिचा जीव गोळा होत गेला. अजून सांगता येईल, तिला वाटायचं. आज सांगू, उद्या सांगू. मग बाई येऊन तिच्या गळ्यात पडायच्या, म्हणायच्या, जिंकतोय गं आपण, आणि तोंडापर्यंत आलेलं परत खाली जायचं.

इतिवृत्त कायम करायची सभा पुढच्या मंगळवारी होती. सभापती लालबुंद होऊन आले होते. त्यांनी फलकाचा एक फाटका तुकडाच टेबलावर ठेवला.

"इतिवृत्त लेखक, उभे राहा."

टिपकागद उभा राहिला.

"‘मान्य’ हा शब्द मी ऐकला. माझ्या डावीकडच्या सदस्यांनी ऐकला. उजवीकडच्यांनी ऐकला. आमच्यापेक्षा जवळ तुम्ही होता. तुम्ही ऐकला की नाही?"

वही त्याच्या हातात मिटलेली होती. त्याने सभापतींकडे पाहिलं नाही, खाली पाहिलं नाही. त्याने पहिल्या रांगेच्या टोकाला पाहिलं, जिथे ती त्याच खुर्चीवर बसली होती, आणि तसाच बघत राहिला. इतका वेळ, की मागून कुणीतरी खाकरलं.

कुजबूजचा हात ओठांपाशी गेला.

"आठवत नाही," तिने फक्त त्याच्यापुरता शब्द दिला.

तो त्याला पोहोचला. पोहोचलेला तिने पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी उमललं, आणि मग ते विझलं.

"ऐकला," तो मोठ्याने म्हणाला. "मी गाळला."

"कोण बोललं होतं?"

"ते मी सांगणार नाही."

"कुणाच्या सांगण्यावरून गाळलात?"

"माझ्याच. चूक माझी आहे."

मग जे व्हायचं ते झालं. लेखक हरकतदारांना फितूर, असा शेरा बसला. एक शब्द गाळणाऱ्या माणसाचे बाकीचे शब्द तरी कशावरून खरे, असं म्हणून त्याने तीन महिने लिहिलेल्या सगळ्या हरकती बाद झाल्या. बाईंच्या, काकांच्या, सगळ्यांच्याच. दुरुस्ती कायम झाली. टिपकागदाला तिथल्या तिथे निलंबित केलं आणि त्याने वही टेबलावर ठेवून मागच्या दाराने बाहेरचा रस्ता धरला.

आणि बाहेर आपली मंडळी काय म्हणत होती? विकला गेला, म्हणत होती! सभापतींनी दम दिला आणि हा फिरला. आधी खरं लिहिलं आणि मग भर सभेत खोटं बोलला, की म्हणे मी ऐकलं. "मेल्याने ऐन वेळी घात केला," मावशी म्हणाली, "आणि आपण त्याला इथे चहा पाजत होतो." काकांनी त्याचं नाव घेऊन एक घाणेरडा शब्द वापरला. कुजबूज तिथेच उभी होती. तिने ऐकून घेतलं.

महिनाअखेरीला कपडेपट रिकामा करायचा होता. पोशाख उतरवून, घड्या घालून, ट्रंकांत भरत होते सगळे. दुपारचे साडेतीन वाजले असतील. मावशी एका अंगरख्याची बटणं लावता लावता म्हणाली, "तो फितुऱ्या आज चारच्या गाडीने चाललाय म्हणे कायमचा. सुटलो."

"तो शब्द मी बोलले होते," कुजबूज म्हणाली.

कुजबुजत नव्हे, मोठ्याने. आवाज चिरका आला. बाईंच्या हातातली घडी सुटली.

"मी दिला होता. सभापतींना. पान चिकटलं म्हणून... हात गेला माझा. तो खरं लिहिणार होता. मीच गाळायला लावलं त्याला."

मावशीने तोंडावर हात ठेवला. बाई खाली ट्रंकेवर बसल्या. मास्तर मात्र घड्या घालत राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"माझ्या कानाशी बसली होतीस तू. आठ वर्षं तुझ्या जिवावर बोलतोय मी, पोरी. तुझा शब्द मला नाही कळणार?"

"मग... मग तुम्ही बोलला का नाही? सगळे त्याला विकला गेला म्हणत होते, आणि तुम्ही..."

"तू बोलशील म्हणून थांबलो," मास्तर म्हणाले. त्यांचा तो खिडक्या हलवणारा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू नाही बोललीस. मग म्हटलं, ती आपली, तो परका. आणि गप्प बसलो. चुकलंच."

कुजबूज धावतच बसस्थानकावर पोहोचली. पावसाची भुरभुर होती. तो पत्र्याखाली एका बॅगेशेजारी बसला होता, बोटं स्वच्छ धुतलेली, कुठे शाईचा ठिपका नाही. गाडी लागलेली होती.

"सांगितलं मी त्यांना," ती धापा टाकत म्हणाली. "सगळ्यांना. आत्ता."

"काय म्हणाले?"

"मास्तरांना आधीपासून माहीत होतं."

तो थोडंसं हसला. "म्हणजे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. फक्त वहीला ठाऊक नव्हतं."

"उद्या मी नगरपालिकेत लिहून देते. माझ्या नावानिशी."

"दे. द्यायलाच हवं. आता ते कुणी वाचणार नाही, पण दे."

ती त्याच्या शेजारी बसली. दोघांमध्ये बॅग होती. "मला येऊ दे तुझ्याबरोबर."

गाडीचा चालक चढला, इंजिन सुरू झालं.

"त्या दिवशी मी थांबलो होतो ना उभा," तो म्हणाला, "तेव्हा मला खरंच वाटलं होतं, तू उठशील. तू उठली असतीस तर नोकरी गेल्याचं मला काही वाटलं नसतं. दोघांनी मिळून मार खाल्ला असता. मग तुझा हात वर गेला, मला इतकं बरं वाटलं... आणि मग शब्द ऐकू आला."

"तुला वाचवायचं होतं रे मला."

"माहीत आहे. पण ते वाक्य तुझं होतं, कुजबूज. तू मला माझं वाक्य देत बसलीस."

तिला रडू फुटलं. "प्रेम आहे माझं तुझ्यावर!" ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की समोरच्या बाकावरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

"माझंही आहे," तो म्हणाला. "फार. ते कुठे गेलेलं नाही. पण तुझ्याकडे बघितलं की मी तिथे उभा असतो, आणि तू बसलेली असतेस. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही."

त्याने बॅग उचलली. उठताना एकदा तिच्या भिजलेल्या केसांवरून हात फिरवला, हलकेच, आणि गाडीत चढला. खिडकीशी जाऊन बसला. कंडक्टर दारात उभा होता.

"बाई, यायचंय का? दार लावतोय."

कुजबूजने खिडकीकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. ये म्हणाला नाही. नको म्हणाला नाही. ती वाट बघत राहिली, कंडक्टर वाट बघत राहिला, मागच्या गाडीने दोनदा हॉर्न दिला. त्याच्या मनात काय होतं ते तिला स्वच्छ दिसत होतं. येऊ नकोस म्हणायला त्याचा जीव होत नव्हता.

"नाही," ती कंडक्टरला म्हणाली. "तुम्ही निघा."

दार लागलं. गाडी वळून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ती तिथे उभी होती. मग ती परत निघाली, कारण कपडेपटातल्या दोन ट्रंका अजून भरायच्या होत्या आणि मावशीला एकटीला त्या उचलवल्या नसत्या.